एकाच आकड्याच्या बंदुका

३ फेब्रुवारी २०१४, सोमवार

आज नगरभवनात मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसले. उभा जन्म पोरांना सांगत आले, उत्तर येत असेल तर हात वर करा. आज मला उत्तर येत होतं आणि माझे दोन्ही हात टेबलाखाली होते. बंदुकांच्या कायद्यासाठी नेमलेल्या समितीतलं बाहेर बोलायचं नाही अशी शपथ आहे. घरात बोलायला कोणी नाही. म्हणून ही वही.

झालं ते असं. शहराचे वकील लुमापास यांनी टेबलावर सहा रिव्हॉल्व्हरं मांडली. एक मनिलात पकडलेलं, एक दावाओत, बाकीची इथलीच. सगळी आमच्या डोंगरावर घराघरांत बनलेली. “मॅम, तुम्ही वाचा,” म्हणाले. मी चष्मा लावला. पहिल्यावर आकडा ४१७०८२. दुसऱ्यावर ४१७०८२. तिसऱ्यावरही तोच! सहाच्या सहांवर तोच.

एक नगरसेवक हसला. “सहा पोरं आणि पाद्रीबाबांनी सगळ्यांना एकच नाव ठेवलं!” बाकीचेही हसले.

वकील हसले नाहीत. “कारखान्यात प्रत्येक बंदुकीला वेगळा आकडा देतात. त्यावरून ती कोणी केली, कोणाला विकली, सगळा माग निघतो. इथे शेकडो बंदुकांना एकच आकडा. म्हणजे नसल्यातच जमा.” मग कडेचं रिव्हॉल्व्हर त्यांनी पुढे सरकवलं. “हे नवं आहे, मागच्या वर्षीचं. ऑगस्टमध्ये बंदरावर याने माणूस मेला.”

मागच्या खुर्चीत फेलिसा ओमपाद बसली होती. मेला तो तिचा नवरा. मोटारसायकलवरून गिऱ्हाइकं पोचवायचा. दोन दारुड्यांच्या भांडणात मध्ये सापडला. मारणारा पळाला, बंदूक टाकून. फेलिसा माझी विद्यार्थिनी. गणितात कच्ची, पण कधी गैरहजर नाही. इथेही एक बैठक चुकवत नाही.

“हा आकडा आला कुठून, कोणाला माहीत आहे?” वकिलांनी विचारलं.

मला माहीत आहे.

४ फेब्रुवारी

जपान्यांशी लढाई चालू होती तेव्हा ताताय, माझा बाप, डोंगरातल्या लढवय्यांची ओझी वाहायचा. जाताना एका अमेरिकन अधिकाऱ्याने त्याला आपलं रिव्हॉल्व्हर दिलं. लढाई संपली, गोळ्या संपल्या, शेतात मका येईना. तातायने ते खोललं, एकेक भाग मापला आणि मोडक्या जीपच्या पोलादातून दुसरं केलं. चाप तसा चाप, घोडा तसा घोडा. आणि अंगावर आकडा होता तोही तस्साच. त्याला वाटलं, आकडा हा बंदुकीचा भागच आहे.

मी सेबूला कॉलेजात गेले तेव्हा मला खरं काय ते कळलं. सुट्टीत घरी येऊन त्याला सांगितलं. कानस खाली न ठेवता म्हणाला, “अमेरिकन माणूस उगाच कशाला आकडा घालेल? त्याच्याशिवाय बंदूक अर्धवट राहते, पोरी.” मी वाद घातला नाही. माझी फी त्या आकड्यावरच भरली जात होती.

ज्या मूळ बंदुकीवरून नकला करतात तिला डोंगरावर ‘आई’ म्हणतात. आमची आई तातायकडून माझ्या धाकट्या भावाकडे आली, एलेउतेरिओकडे, आमच्या तेर्योकडे. आई उसनी देतात, सोयऱ्याधायऱ्यांत. कोंबडीची उबवणीची अंडी द्यावीत तशी. आता आमच्या वस्तीतल्या प्रत्येक घरातली बंदूक तिचीच लेक आहे. सगळ्या लेकी ४१७०८२.

६ फेब्रुवारी

दिवसभर कपडे धुतले. स्वच्छ होते तेही.

१० फेब्रुवारी, सोमवार

कायदा आज मंजूर झाला. टाळ्या झाल्या. घरी केलेली प्रत्येक बंदूक बेकायदा. करणारा, विकणारा, बाळगणारा, तिघांवर खटला. पण मार्चअखेरपर्यंत जो स्वतःच्या पायांनी येऊन हत्यारं आणि अवजारं जमा करेल, त्याला माफी, आणि बोटी दुरुस्तीच्या नव्या कारखान्यात काम. फक्त ज्याने केलेल्या बंदुकीने माणूस मेला, त्याला माफी नाही.

हे शेवटचं कलम माझं. डिसेंबरात मीच हट्ट धरला होता. वकील म्हणाले होते, “मॅम, बनवणाऱ्याने गोळी थोडीच झाडली?” मी म्हणाले होते, “सुरी विकणाऱ्याला गिऱ्हाईक कशासाठी घेतंय ते ठाऊक नसतं. बंदूक विकणाऱ्याला असतं.” कलम तिथेच लिहून घेतलं होतं. मला बरं वाटलं होतं. हात दाखवून अवलक्षण!

तेर्योकडे दोन वर्षं गेले नाही. ख्रिसमसला तोच खाली यायचा. गेले दोन ख्रिसमस आला नाही. मी बंदुकांवरून रागात होते, तोही असेल असं धरून चालले.

रविवारी वर जायचं.

१६ फेब्रुवारी, रविवार

गेले. चढण पूर्वीइतकीच आहे, मी नाही.

तेर्यो अंगणात बाकावर बसला होता. मी कुंपणाशी पोचले तरी उठला नाही. “कोण?” म्हणाला. मी म्हटलं, “झालं का आता बहीणसुद्धा ओळखू येत नाही?” तसा तो हसला. “नांग! थोरल्या बहिणीचं बोलणं ऐकल्यावर कोण ओळखणार नाही? पोरं अजून झोपेत दचकतात तुला.”

त्याची बायको वारल्यापासून मुलगी मर्लिता आणि जावई अल्जुन त्याच्याजवळ राहतात. मर्लिताने मक्याच्या कण्या आणि सुकी मासळी वाढली. तेर्यो ताटात बोटांनी चाचपून मासळी शोधत होता. मी बघत राहिले. मग माझं ताट हळूच त्याच्यापुढे सरकवलं. तो माझ्या ताटातून जेवला! त्याला कळलंच नाही.

“डोळ्यांचं काय?”

“काही नाही. ऊन लागतं.”

“तेर्यो.”

“गेले, नांग. वेल्डिंगची ठिणगी आणि म्हातारपण दोन्ही एकदम आलं. उजव्याने उजेड कळतो. डाव्याने तेवढाही नाही.”

“कधीपासून?”

“गेल्याच्या आदल्या पावसाळ्यापासून. त्यानंतर कानस हातात धरली नाही.”

मर्लिता आत गेल्यावर मी आकड्याचं सांगितलं. शपथ मोडली, हो. बंदरावरच्या बंदुकीचं सांगितलं. नवी, मागच्या वर्षीची.

“मग ती माझी नाही,” तेर्यो म्हणाला.

“आई कुठे आहे?”

“गेल्या वर्षी कोणाला उसनी दिली नाही,” म्हणाला आणि तोंड परसाकडे वळवलं. परसात शेडमधून कानशीचा आवाज येत होता. रविवारीसुद्धा.

१७ फेब्रुवारी

अल्जुन. तीन लेकरांचा बाप. मर्लिताचं लग्न मीच जुळवलं होतं.

२३ फेब्रुवारी, रविवार

आज अल्जुन स्वतः आला. हातात केळीचा घड, तोंड वाकडं.

“मॅम, सासरे म्हणाले तुम्ही आमच्या आईला चोर ठरवलंय.”

“आधी बस. आणि मला मॅम म्हणू नकोस. तुझी मामेसासू की काय ते लागते मी.”

“आत्या. बायकोची आत्या.” हसला. पोरगा वाईट नाही. हात बघितले, बोटांच्या पेरांत काळं बसलेलं, धुऊनही न जाणारं.

मी विचारलं, “प्रत्येक बंदुकीवर तोच आकडा का घालतोस?”

“म्हणजे? तो तर असतोच की.”

“अरे, कारखान्यात प्रत्येक बंदुकीवर वेगळा आकडा असतो.”

तो माझ्याकडे बघतच राहिला. थट्टा करतेय असं वाटलं त्याला. “प्रत्येक बंदुकीवर वेगळा?”

“प्रत्येकीवर.”

“मग खरी कोणती ते कसं कळायचं?”

मला हसू येईना, रडू येईना. ज्या आकड्याला सगळं नगरभवन बदमाशीचा पुरावा म्हणतं, तो त्या बिचाऱ्याच्या मते सचोटीची खूण! आकडा नसलेली ती खोटी. आकडा अचूक उतरवला तर माल खरा.

“मागच्या वर्षी किती विकल्यास, कोणाला?” विचारलं.

“मध्यस्थाला. तो कोणाला देतो ते मी विचारत नाही. तुम्ही शाळेत शिकवलेलं पोरं कुठे वापरतात ते विचारत होता?”

मला राग आला. केळी परत दिली. तो गेल्यावर वाटलं, केळी घ्यायला हवी होती. पोरांच्या वाट्याची आणली असतील ती त्याने.

२८ फेब्रुवारी

माफी घ्यायला अजून कोणी आलं नाही. बास्केटबॉलच्या मैदानात टेबल मांडून दोन शिपाई रोज बसतात. पोरं शेजारी खेळतात. चेंडू टेबलावर पडतो तेवढीच जमा.

५ मार्च, राखेचा बुधवार

चर्चमध्ये कपाळावर राख लावून रांगेतून परतत होते. फेलिसा पायऱ्यांवर थांबली होती.

“मॅम, एक विचारू?”

“विचार.”

“माझ्या नवऱ्याच्या मोटारसायकलवर आकडा होता. एकदा चोरीला गेली, दोन दिवसांत सापडली. पोलीस म्हणाले आकडा होता म्हणून. बंदुकीवरही आहे ना? मग का नाही सापडत?”

तिच्या कपाळावरची राख घामाने नाकापर्यंत ओघळली होती. मी पुसली. ती लहान असताना पुसायचे तशी, रुमाल ओला करून.

“सापडेल,” म्हणाले.

“तुम्ही समितीत आहात म्हणून मला भरवसा आहे. बाकीचे हसतात. तुम्ही त्या दिवशी हसला नाहीत.”

१० मार्च, सोमवार

बैठक. वकील थकलेले. एक माणूस येत नाही. वस्तीवरून निरोप आला म्हणे: “बंदरावरची बंदूक आमच्यातल्याच कोणाची तरी. आम्ही आलो की सगळ्यांनाच खुनी ठरवाल.”

मी विचारलं, “ठरवाल का?”

वकील म्हणाले, “मॅम, तुमचंच कलम. ज्याने ती केली त्याला माफी नाही. पण एकच आकडा, एकच घाट. कोणी केली ते मी कसं ओळखू? तो सापडेपर्यंत त्या आकड्याची बंदूक घेऊन येणाऱ्या कोणालाच माफी देता येत नाही. तो एक सापडला, तर बाकीचे सगळे मोकळे.”

“आणि नाहीच सापडला तर?”

“एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पोलीस वर जातील. घरोघर.” मग हळू आवाजात म्हणाले, “पोरंबाळं घरात असताना बंदुका असलेल्या घरात शिरायचं. मला झोप लागत नाही.”

घरोघर. डोंगरावर प्रत्येक घरात चुलीच्या मागेच शेड आहे.

१२ मार्च

ठरलं. रविवारी वर जाऊन तेर्योला सांगणार. सोमवारी वकिलांना. अल्जुनचं नाव माझ्या तोंडून जाईल. फेलिसाला उत्तर मिळेल. वस्ती सुटेल. मर्लिता माझं तोंड पाहणार नाही. यात चूक काय आहे? काहीच नाही.

१६ मार्च, रविवार

सांगितलं. अल्जुन आणि मर्लिता पोरांना घेऊन प्रार्थनेला गेले होते. तेर्यो एकटाच. शेंगा सोलत होता, न बघता.

“त्याला किती वर्षं होतील?” विचारलं त्याने.

“वकील म्हणाले, बारा तरी.”

“धाकटीला दात येतायत.”

“माहीत आहे.”

“नांग, तू जर कलमात एक ओळ कमी घातली असतीस —”

“आणि फेलिसाचं काय? तिच्या नवऱ्याला बारा वर्षांनी तरी कोणी परत आणून देणार आहे?” माझा आवाज चढला. “तुम्ही सगळे आकडा अचूक कोरता आणि पुढचं कोणी बघत नाही. ताताय नाही, तू नाही, तो नाही!”

“फीचे पैसे घेताना तूही बघितलं नाहीस.”

त्याने रागाने म्हटलं नाही. शेंग सोलता सोलता.

मग म्हणाला, “सोमवारी नको सांगू. माफीच्या शेवटच्या शनिवारपर्यंत थांब. एवढं दे मला. मी काही मागत नाही कधी.”

“काय होणार आहे शनिवारी?”

“मी लोकांशी बोलतो. माझं ऐकतील. सगळ्यांना हत्यारं घेऊन खाली आणतो. अल्जुनला पण. स्वतःच्या पायांनी आला, स्वतः बोलला, तर न्यायाधीश थोडं तरी बघतो की नाही?”

“बघतो. थोडं.”

“मग थांब.”

थांबते म्हटलं. खाली उतरताना वाटलं, मी आज पुन्हा गप्प बसायचं कबूल केलं.

२१ मार्च

फेलिसा बाजारात दिसली. मी दुसऱ्या गल्लीतून गेले.

२४ मार्च, सोमवार

वकिलांनी परत विचारलं, सगळ्यांना उद्देशून: “कोणाला काही कळलं?” मी म्हणाले, “शनिवारपर्यंत थांबा.” ते चष्म्यावरून बघत राहिले. “मॅम, तुम्हाला काही माहीत आहे?”

“शनिवारपर्यंत थांबा म्हटलं ना!”

त्यांना मी शिकवलेलं नाही, तरी गप्प बसले.

२७ मार्च

मर्लिता आली होती. तिला काही ठाऊक नाही. बाप सध्या खुशीत आहे म्हणाली. घरोघर जातोय, पोरीचं बोट धरून. रात्री बंदुकांच्या आईला तेल लावून पुसून ठेवतो. “आत्या, त्याने दाढीसुद्धा केली. आणि आजोबांच्या आकड्याला पोरांनी हात लावावा म्हणून त्यांना एकेकाला जवळ घेतलं.”

“अल्जुन?”

“तो चिडचिड करतोय. बाबांनी त्याला सांगितलंय, खाली गेल्यावर तू तोंड उघडायचं नाही, जे बोलायचं ते मी बोलेन.”

बोलेन म्हणजे सासरा म्हणून रदबदली करेल. म्हातारं माणूस, वकील ऐकतील. बरं आहे.

पांढरा शर्ट इस्त्री करून तिच्याजवळ दिला. तातायचा होता. तेर्योला होईल.

२९ मार्च, शनिवार

जमा केल्याची पावती. घरी येऊन जशीच्या तशी उतरवली.

ठिकाण: बास्केटबॉलचं मैदान. रांगेत पहिला.

देणार: एलेउतेरिओ गितगानो, वय एकसष्ट, राहणार डोंगरवस्ती.

दिलं: मूळ अमेरिकन रिव्हॉल्व्हर एक, चालू. अर्धवट सांगाडे चार. शेगडा एक. कानशी एकोणीस, लहानमोठ्या. हातड्रिल एक. आकडे कोरायचे ठसे, एक डबी.

देणाऱ्याचं सांगणं: बंदरावर सापडलेली बंदूक मी एकट्याने केली. मागच्या वर्षी, मे महिन्यात. जावयाला काही ठाऊक नव्हतं.

ताब्यात घेतलं: वरील सर्व, आणि देणारा.

एवढं पावतीवर आहे. वकिलांनी त्याच्या काळ्या चष्म्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. फेलिसा अगदी समोर येऊन उभी राहिली आणि त्याच्याकडे बघत राहिली. त्याला ती दिसली नाही. त्याच्यामागे अख्खी वस्ती होती, पोतीच्या पोती घेऊन. अल्जुन चौथा. त्याला माफी मिळाली.

खाली एक ओळ असते. मजकूर देणाऱ्याला वाचून दाखवला: पी. गितगानो, समिती सदस्य.

मी वाचला. स्पष्ट, एक शब्द न गाळता. मग सही कुठे करायची ते त्याचं बोट धरून दाखवलं.